पाण्याच्या तोंडासंगं

कोरड्या पाटात सुटलेलं पाणी बैलापेक्षाही सावकाश चालतं. दुखण्यातून उठलेल्या माणसासारखं एक पाऊल टाकतं, थांबतं, पायाखालच्या भेगेचं पोट भरतं, मग पुढचं पाऊल टाकतं. त्याच्या तोंडाशी फेस असतो, फेसात वाळलेला पाला, गुटख्याच्या पुड्या, बाभळीच्या शेंगा. पुढं पुढं मुंग्या पळत असतात, तोंडात पांढरी अंडी धरून. मागं बगळे.

ऋतुजा त्या पाण्याच्या तोंडासंगं काठाकाठानं चालली होती आणि तिच्या जिवाला थारा नव्हता. चार पावलं पुढं जायची, वळून बघायची, पाणी अजून मागंच.

"चल की माझ्या राजा," ती पाण्याला म्हणाली. "टेलची माणसं वाट बघत्यात."

मोडनिंबच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी ऋतुजाचं एक. मोठ्या कालव्यातून फुटून एक लहान पाट गावाच्या शिवारात येतो, त्याला सगळे मायनर म्हणतात. कालव्याजवळची रानं ती हेडची, पाट संपतो तिथली टेलची. हेडला ऊस, केळी, दाराशी ट्रॅक्टर. टेलला बाभळी, शेळ्या आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर मांडलेल्या घागरी. कालवा एकच, धरण एकच, पण वरचे पीत राहिले आणि खाली पाणी पोचलंच नाही. कधीपासून, ते विचारलं की टेलची माणसं वर्षं सांगत नसत. "आमची थोरली पोर रांगत हुती तवा आलं हुतं," असं म्हणत. ती पोर आता नांदायला गेलेली.

यंदा पाणीवापर संस्थेच्या सभेत भांडण, रडणं, खुर्च्या उचलणं सगळं झालं आणि ठरलं, की ह्या पाळीला शेवटाकडून वर यायचं. आधी टेल भिजवायचं, मग मधली रानं, हेडचं दार सगळ्यात शेवटी. पाटकरी कोण, म्हणजे रानात पाणी सोडायची दारं उघडायला-लावायला माणूस कोण, ह्यावर पुन्हा खुर्च्या उचलल्या गेल्या. हेडचा माणूस टेलला नको, टेलचा हेडला नको. शेवटी कुणीतरी रावजींच्या ऋतुजाचं नाव काढलं. पोर हेडचीच, पण बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ, आणि पोरीच्या अंगावर कोण धावून जाणार?

शनिवारी संध्याकाळी कालव्याचे लोक मायनरचं दार पाडणार, म्हणजे पाणी बंद करणार होते. आज शुक्रवार. आज दिवस बुडायच्या आत टेलला पाणी लागलं, तरच उद्या पाळी वर सरकून हेडला पाणी पुरणार होतं. आणि हेडलाच तिच्या बापाचा गहू होता, ओंबी दुधात आलेली. ह्या दिवसांत एक पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तर ओंबी उभी राहते, आत नुसता कोंडा.

उजाडताच तिनं पहिलं कुलूप लावलं ते बापाच्याच रानाच्या दाराला. रावजी बांधावर उभे होते, हातात फावडं.

"आण्णा, उद्या दुपारच्या आत तुमचं दार उघडते."

"मी काय म्हनलो का?"

"म्हनला न्हाय, म्हणूनच सांगते."

रावजींनी साखळी ओढून बघितली, कुलूप नीट बसलंय का म्हणून. "आपलं दार आधी लावलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता कुनी तोंड वर काढायचं न्हाय." आणि गव्हाकडं न बघता घराकडं गेले. न बघता गेले, तेच तिला लागलं.

त्यांच्या खालचं रान शिवशरण मामांचं. पंधरा एकर ऊस, आणि पाटात सोडलेला काळा पाइप, वरून उसाचं पाचट टाकून झाकलेला. ऋतुजानं पाचट बाजूला केलं, पाइप ओढून काठावर टाकला. मामा खाटेवर बसून चहा पीत होते.

"आगं पाटकरीनबाय, तासभर तरी दे की. ऊस बघ कसा तोंड वासून उभा हाय."

"मामा, तुमच्या उसाची तहान तासाची न्हाय, सालोसालची हाय."

"जीभ लई चालती. सासरी गेल्यावर कळंल."

"सासर टेललाच बघा माझं. म्हंजे तिथवर पाणी पोचवल्याबिगर तुमाला झोप लागायची न्हाय."

मामा हसले, चहा सांडला. पण ती पुढं गेल्यावर तिनं मागं वळून बघितलं, तर मामा पाइपाकडं बघत होते. ती परत आली, पाइपाचं तोंड काढून खांद्यावर टाकलं आणि घेऊन गेली.

असं करत करत पाणी चाललं. उन्हं चढली. दर थोड्या वेळानं फोन वाजायचा. टेलचा इसूफ. त्याची लिंबाची बाग टेलच्या अगदी शेवटाला, तिथं पाट संपतो.

"ऋतुजाबाई, कुटवर आलं?"

"वडाच्या वळणाला."

"पानी हाय ना? खरं पानी?"

"न्हाय, लिमलेट हाय. पाट मोकळा हाय ना तुमच्याकडं?"

"सगळा मोकळा. काय सुदीक न्हाय मधी. तुमी नुस्तं आना."

वडाचं वळण गेलं, म्हसोबाचं रान गेलं. मधल्या रानातल्या खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीनं पाटात उतरून पाण्याच्या तोंडापुढं हळदीचं बोट ठेवलं, भेगेवर, आणि पाणी ते बोट पुसून पुढं गेलं. ऋतुजाला थांबायला वेळ नव्हता. तिचं सगळं चित्त त्या फेसाच्या रेघेत होतं. ती रेघ थांबली की हिचा श्वास थांबायचा, सरकली की सुटायचा. दोन ठिकाणी उंदरांची बिळं होती, पाणी गिळत होती. तिनं गवताची पेंडी कोंबली, वर दगड ठेवला, टाचेनं दाबला. हाताला खरचटलं ते तिला दुपारनंतर कळलं.

उन्हं कलली तेव्हा पाणी ओढ्याजवळच्या मोरीला पोचलं. मोरीच्या नळीतून पलीकडं गेलं की टेलचं शिवार सुरू. ऋतुजा मोरीवर चढली आणि तिथंच उभी राहिली.

पलीकडं पाट नव्हता.

पलीकडं ज्वारी होती. मोरीच्या तोंडापासून पार लांबच्या बाभळीपर्यंत, हिरवीगार, पुरुषभर उंच, कणसं दुधानं जड झालेली. उजवीकडंही ज्वारी, डावीकडंही, पण ती कमरेइतकी आणि पिवळी. मधला हिरवा पट्टा तेवढा सरळ रेघेत गेलेला. पाट होता तिथं वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी यायचं बंद झालं, माणसांनी काठ फोडून माती आत ओढली, नांगर फिरवला आणि पेरलं. शिवारातली सगळ्यात चांगली माती तीच होती.

मागून पाणी नळीतून आलं, ज्वारीच्या बुंध्याला लागलं, थबकलं. वाट मिळेना म्हणून फुगलं, आणि डावीकडच्या खळग्यातून ओढ्याला लागलं. ओढ्याच्या वाळूत ते आवाज न करता जिरू लागलं.

"आगं आगं आगं!" ऋतुजा खाली धावली.

तिकडून माणसं आली. पुढं इसूफ, टोपी हातात. त्याच्या मागं बाया, घागरी घेऊन, जशा टँकरला येतात तशा.

"इसूफभाई! मोकळा हाय म्हनला हुता!"

इसूफ खाली बघत राहिला. "मोकळा न्हाय म्हनलो आसतो, तर सभेत काय म्हनले आसते? टेलची तयारी न्हाय, सोडा पानी हेडलाच. आसंच म्हनले आसते का न्हाय?"

तसंच म्हणाले असते, हे तिलाही ठाऊक होतं.

"आमाला वाटलं पानी येतच न्हाय," मागची एक बाई म्हणाली. "आलं तर बघू. येतंय कुटलं."

कुणाचाच विश्वास नव्हता. पाटाच्या फरश्याही राहिल्या नव्हत्या. एकीच्या दारात धुण्याचा दगड झाल्या होत्या, एकाच्या तुळशीखाली बसल्या होत्या. इसूफच्या शेळ्यांच्या गोठ्याची सगळी जमीन पाटाच्या फरश्यांची होती. सगळ्या टेलनं आपला पाट थोडाथोडा करून घरी नेला होता.

"ज्वारी कुणाची ही?"

माणसं बाजूला झाली. बांधावर म्हातारी बसली होती, विभूतीचे तीन पट्टे कपाळावर, मांडीवर विळा. गुरम्मा. अक्कलकोटकडून लग्न होऊन आलेली, त्याला जन्म लोटला. सगळे तिला कानडी रीतीनं अव्वा म्हणत.

"माझी हाय," गुरम्मा म्हणाली. "आन् मी कापनार न्हाय."

"अव्वा, पाणी ओढ्याला चाललंय."

"मला डोळे हायत."

"नुसती पाटाएवढी पट्टी कापू. बाकीची र्‍हाऊ द्या."

"बाकीच्यात काय हाय? बघ की. बाकीची गुरं खात्याल. माझी वर्साची भाकर ह्या पट्ट्यात हाय. दूध भरलंय. ह्यात बोट घालून बघ, मग बोल."

इसूफनं तोवर दोन माणसं घेतली आणि गोठ्याकडं पळाला. थोड्या वेळानं फरश्या घेऊन आले, शेणानं माखलेल्या. एक शेळी मागं ओरडत आली. त्यांनी फरश्या ओढ्याच्या खळग्यात उभ्या केल्या, भेगांत चिखल भरला. गळती कमी झाली. पाणी मोरीपाशी तळ्यासारखं साचू लागलं, आणि साचता साचता मागं मायनरमध्ये फुगू लागलं. आणखी फुगलं असतं तर काठ फुटला असता.

ऋतुजा म्हातारीपुढं उकिडवी बसली. मनात दोनच गोष्टी घुमत होत्या, हे साचतं पाणी आणि वरचा गहू.

"एक सांग," गुरम्माच म्हणाली. "आज मी कापली. आज पानी गेलं, ह्यांची झाडं भिजली. लई चांगलं झालं. म्होरल्या पाळीला येनार का पानी?"

"सभेत ठरंल."

"सभा हेडची. मी तुला इचारते."

ऋतुजाच्या ओठावर 'येईल' आलं होतं. म्हातारीच्या डोळ्यांत बघून ते परत गेलं.

"ठावं न्हाय, अव्वा."

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या हाताला चिखल, तिनं बोटाच्या पेरानं दाबला तर आवाज मोठा झाला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"ऋतू, पानी ओढ्याला चाललंय म्हनत्यात," रावजींचा आवाज. "शिवशरणचा गडी बघून आला. टेलला पाटच न्हाय म्हनं. खरं का?"

"खरं हाय, आण्णा."

"मग दार उघड बाय. वाया चाललंय. माझ्या एकट्याच्या न्हाय, कुनाच्या बी रानात जाऊ दे, पन वाळूत नको. नियमात बसतं ते. टेलची तयारी न्हाय म्हनलं की झालं."

आण्णा बोलत होते ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते सोसेना. कुलपाची किल्ली कमरेच्या पिशवीत होती, तिचा हात तिकडं गेलासुद्धा.

"आण्णा, हितं एक अव्वा विचारत्यात. म्होरल्या सभेत टेल पहिलं म्हनून तुमी हात वर करचाल का?"

"गहू वाळाय लागलाय आन् तू म्होरल्या सभेचं इचारतीस?"

"व्हय."

"आता व्हय म्हनलो तर ते तुला बरं वाटावं म्हनून म्हनलो आसं व्हईल. गहू गेला, तर माझा हात वर व्हईल का न्हाय, मला ठावं न्हाय. खोटं कशाला बोलू?"

फोन बंद झाला. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. गुरम्मानं विळ्याचं पातं पदराला पुसलं.

"कोन ह्यो?"

"माझा बाप."

"हेडचा?"

"व्हय."

"त्याचं दार उघडं हाय?"

"सगळ्यात आधी तेच लावलं."

"बापाचं?"

"व्हय."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. डोक्यापासून चिखलानं भरलेल्या पायांपर्यंत. "येडी हायस तू," ती म्हणाली. "बाप बी येडा. हात वर करतो म्हनला आसता तर काय बिघडलं आसतं?"

मागं पाणी वर चढत होतं, मोरीच्या दगडावर ओली रेघ एकेक बोट सरकत होती. गुरम्मा उठली. उठताना तिनं कुणाचा हात घेतला नाही.

"तुमी समद्यांनी ऐका," ती म्हणाली. "मी भरवशावर कापत न्हाय. भरवसा आसता तर हितं पेरलीच नसती. पानी दारात उभं हाय, त्याला माघारी घालवायची माझी हिंमत न्हाय, म्हनून कापती. पट्टी माझ्या विळ्यानं. कुनी माझ्या म्होरं जायचं न्हाय."

ती मोरीच्या तोंडाशी उतरली. पहिला बुंधा मुठीत धरला आणि विळा ओढला. कणीस हलून तिच्या खांद्यावर पडलं. तिनं ते झटकलं नाही.

पहिल्यांदा नुसता विळ्याचा आवाज. मग कधी सुरू झालं कळलं नाही, म्हातारी म्हणू लागली. सुरात म्हणणं नव्हे, श्वासाला लागतं तसं. अशी बाई कामात गुंतली की तिचं बोलणं आपोआप लयीत पडतं.

पाटाच्या गं पाण्या, तुझी वाट मी मोडली
तुझ्या कोरड्या वाटंवरी, ज्वारी बाई मी पेरली

पाणी आलं दारी, कसं म्हणू जा माघारी
विळ्यानं मी कापिते, माझ्या ताटाची भाकरी

मागच्या बायांनी घागरी ठेवल्या. म्हातारी कापायची, त्या पेंड्या बांधायच्या, बाजूला लावायच्या. त्यांच्या मागं पुरुष फावड्यांनी माती उकरत यायचे, कमरेइतकी नव्हे, नांगराच्या सरीपेक्षा जरा खोल. आणि सगळ्यांत मागं ऋतुजा, पाणी धरून. तिनं सरीच्या तोंडाशी आडवी लावलेली एक फरशी सरकवायची, थोडं पाणी सोडायचं, पुढं सरी तयार झाली की आणखी थोडं. मध्येच म्हातारी थांबली की सगळी रांग थांबायची. तिला पुढं जायची कुणाची छाती नव्हती. एकदा इसूफ म्हणाला, "अव्वा, मी कापू का? हात भरला आसंल."

"तू शेळ्या राख. त्यांची फरशी काढलीस, आता पाय भिजत्यात त्यांचे."

बाया हसल्या. गुरम्मासुद्धा हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, त्याच हातानं, ज्यात विळा होता.

दिवस बाभळीला टेकला तेव्हा पट्टी संपली. शेवटची सरी फुटली. पाणी आता दमलं होतं, मनगटाएवढंच उरलं होतं, पण होतं. ते इसूफच्या पहिल्या लिंबाच्या आळ्यात उतरलं. झाडाची पानं आत वळलेली, फांद्या कागदासारख्या. सगळे आळ्याभोवती उभे राहिले. पाणी मातीत शिरताना बुडबुडे आले, माती सूं सूं करू लागली. एक बाई घागर घेऊन पुढं झाली होती, ती ते ऐकून मागं सरली.

"आधी झाडाला," ती म्हणाली.

गुरम्मा तिकडं आलीच नाही. बांधावर पेंड्या मोजल्याविना एकावर एक रचत राहिली. अंधार पडला तरी रचत राहिली. ऋतुजानं जाताना हाक मारली, तर तिनं मागं न बघता विळा वर केला, जा म्हणून.

मनगटाएवढ्या पाण्यानं शिवार भिजायला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. रात्रभर टेलवाले आळीपाळीनं उभे होते. शनिवारी दुपारी मधली रानं भिजत होती. रावजींच्या दाराचं कुलूप ऋतुजानं काढलं तेव्हा उन्हं कलली होती. रावजी फावडं घेऊन वाफ्यात शिरले. पहिला वाफा भरला, दुसरा, पाचवा, आठवा. बापलेक नुसते वाफे फोडत आणि बांधत होते. पाण्यामागं असं पळत होते, की जणू पाणी हातातून सुटून जाईल. आणि सुटलंच. वर कालव्यावर दार पाडलं असावं. आधी पाण्याचा आवाज बारीक झाला, मग रेघ मागं सरली, मग पाटात नुसती चमक उरली.

रान मधोमध दोन रंगांचं झालं होतं. अलीकडचा गहू काळ्या ओल्या मातीत उभा, पलीकडचा भुरक्या. मध्ये एक वाफा, अर्धा भिजलेला.

रावजी त्या अर्ध्या वाफ्यात उभे राहिले. ऋतुजा बांधावर. सकाळपासून तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं.

"त्या इसूफच्या झाडांना दिलंस, ते मुरलं का?" रावजींनी विचारलं. "का वरनंच वाहून गेलं? रान कडक झालेलं आसतं तिथं."

"मुरलं. बुडबुडं आलं हुतं."

"मग बरं." फावड्याचा चिखल काढत ते म्हणाले, "आन् त्या म्हातारीची ज्वारी? दाना भरला हुता का दुधात हुती?"

"दुधात."

"आरं आरं," रावजी म्हणाले. आणि वाकून कोरड्या बाजूची एक ओंबी तोडली, नखानं दाणा दाबला. दाण्यातून पांढरा थेंब निघाला, लहानसा, घट्ट झालेला. त्यांनी तो अंगठ्यावर उन्हाकडं धरून बघितला, मग जिभेला लावला.

"किती दिस धरंल?" ऋतुजानं विचारलं.

रावजी त्या भुरक्या गव्हाकडं बघत राहिले. वारा आला, सगळं रान एकदम हललं, ओलं आणि कोरडं सारखंच.

"म्होरली सभा कवा हाय?" ते म्हणाले.